झेपेल एवढी चूक

घड्याळ चुकीचे निघाले तर फार तर आगगाडी चुकते. चप्पल चुकीची निघाली तर टाचेला फोड येतो. पण माणूस आयुष्यात पहिल्यांदा जी मोटारसायकल घेतो ती चुकीची निघाली तर काय होते, हे वाक्य पुरे करायला घरातली वडीलधारी मंडळी सहसा तयार नसतात. ती फक्त "नको" म्हणतात. गेल्या वर्षी नवरात्रात हे "नको" म्हणण्याची पाळी माझ्यावर आली होती, आणि तो दोन अक्षरी शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेना. का पडेना, हे सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

प्रसंग अगदी साधा. आमची नात चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. भोसरीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. वय तेवीस, उंची पाच फूट दोन इंच, आणि गाठीला पहिल्या काही पगारांतून बाजूला टाकलेले पैसे. नवरात्रात ती साताऱ्याला घरी आली, देवापुढे हात जोडले, आणि चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच तिने जाहीर केले, "मी मोटारसायकल घेणार."

घरात जे व्हायचे ते झाले. आमचे चिरंजीव म्हणाले, "कंपनीची बस आहे ना?" सूनबाई म्हणाल्या, "घ्यायचीच तर स्कूटर घे. मुलीच्या जातीला तीच बरी दिसते." धाकट्या नातवाने विचारले, "टॉप स्पीड किती?" आणि सोने लुटायच्या गोष्टी करायला आलेले शेजारचे गृहस्थ, ज्यांनी उभ्या जन्मात कधी उधळपट्टी केली नाही, ते म्हणाले, "ते सगळे राहू द्या. ॲव्हरेज किती देते ते आधी सांगा." ज्याने त्याने एकेकच प्रश्न विचारला, आणि तोच एक प्रश्न खरा असे ज्याला त्याला मनापासून वाटत होते. गाडी अजून दारात आलीही नव्हती. पण तिच्या चकचकीत टाकीत प्रत्येकाने आपापला चेहरा पाहून घेतला होता.

तिच्या मनात तीन गाड्या होत्या. एक ३५० सीसीची, भारदस्त, जिचा आवाज गल्लीच्या टोकावरून ओळखू येतो अशी. दुसरी अंगाने सडपातळ पण स्वभावाने तुफान. तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या वर. तिसरी १२५ सीसीची, साधी. हिचे नाव यादीत होते एवढेच. तिच्याविषयी बोलताना नातीने नाक मुरडले. "ही म्हणजे दूधवाल्याची गाडी हो आजोबा!"

मग तिने माझ्याकडे मोहरा वळवला. "तुम्ही तरुणपणी मोठी फटफटी चालवायचात ना? मग तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ती घेते."

तुम्ही सांगाल ती घेते! वाचकहो, म्हातारपणी ह्या वाक्याइतके सुखाचे वाक्य दुसरे नाही, आणि ह्या वाक्याइतके जोखमीचेही नाही.

आमच्या तरुणपणी हा प्रश्न नैतिक नव्हताच. निवड असते तिथे नीती येते. आम्हाला निवड कुठे होती? स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहायचे. मुलीचा जन्म झाला की तिच्या लग्नासाठी नंबर लावून ठेवावा अशी थट्टा आम्ही करायचो, आणि ती निव्वळ थट्टा नसायची. मोटारसायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मैसूरची जावा, पुढे तिचीच येझदी झाली, मद्रासची बुलेट, आणि खेड्यापाड्यांतून दणकट राजदूत. जी मिळेल ती घ्यायची, आणि मिळाली ह्याचाच पेढा वाटायचा. पुढे १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या, आणि पाहता पाहता मोटारसायकल ही चैन न राहता मध्यमवर्गाचे पायताण झाली. आज नवी पिढी दुकानात शिरते तेव्हा तिच्यापुढे पन्नास गाड्या उभ्या असतात. म्हणजे पन्नास वेळा "ही का?" आणि पन्नास वेळा "ती का नको?" ह्याचे उत्तर स्वतःला द्यावे लागते. श्रीमंतीचा हा एक सूक्ष्म जाच आहे.

स्कूटर घे, हा सूनबाईंचा सल्ला व्यवहाराने वाईट नव्हता. पण त्यामागचे "मुलीच्या जातीला" मला खटकले. आपल्याकडच्या मोटारसायकलींना मागच्या चाकाशी एक जाळी बसवलेली असते. तिला साडी गार्ड म्हणतात. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती असते. सोय उत्तम, तिने अनेकींचे प्राण वाचवले असतील. पण तिच्याकडे पाहिले की माझ्या मनात येते, गाडी कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच बाईची जागा मागे ठरून गेली आहे! नातीला पुढे बसायचे होते. त्याला माझी हरकत असण्याचे कारण नव्हते. प्रश्न एवढाच होता, की पुढे बसायचे ते कशावर?

नवख्याला कोणती गाडी योग्य, ह्याचे शास्त्र तसे अवघड नाही. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. निदान चवड्यांवर तरी भक्कम उभे राहता आले पाहिजे. साध्या गाड्यांची बैठक बहुधा ८०० मिलिमीटरच्या आतबाहेर असते. डोंगराळ वाटांसाठी केलेल्या गाड्यांची बरीच उंच. दुसरी गोष्ट वजन. १२५ सीसीची साधी गाडी सुमारे १२० किलोची. ३५० सीसीची १८० ते १९५ किलोच्या घरात. गाडी पळत असते तेव्हा हे वजन कळत नाही. कळते ते चढावर, वाळूत, पेट्रोल पंपावरच्या सांडलेल्या तेलावर, आणि गाडी आडवी पडल्यावर. तिसरी गोष्ट ताकद. साध्या गाडीची दहा-अकरा अश्वशक्ती. तिच्या मुठीला जरा जास्त पीळ बसला तर ती कुरकुरते. चाळीस अश्वशक्तीची गाडी कुरकुरत नाही; ती ऐकते! नवशिक्याचा हात दचकून आवळला जातो, आणि त्या दचकण्यालाच ती हुकूम समजते.

वेगाचे गणितही सांगितले पाहिजे, कारण ते मनाला पटत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसले, डोळ्याने मेंदूला सांगितले, मेंदूने हाताला सांगितले, ह्यात एक सेकंद गेला तर ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपले. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. थांबताना सारा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरे काम पुढचा ब्रेक करतो. पण नवशिका त्यालाच घाबरतो, आणि घाबरतो म्हणून कधी तो वापरीत नाही, कधी एकदम आवळतो. चाक आवळले जाऊन घसरू नये म्हणून जी यंत्रणा निघाली आहे, ती १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना आपल्याकडे सक्तीची झाली. यंत्र असे आपल्या चुका थोड्याफार पोटात घालते. पण सगळ्या नाही.

हे सारे नातीला ठाऊक होते. तिने ते माझ्यापेक्षा जास्त वाचले होते. तिचा युक्तिवाद वेगळाच होता, आणि तो खोडून काढणे मला सोपे गेले नाही. ती म्हणाली, "आज जड वाटेल, महिन्याने हलकी वाटेल. छोटी घ्यायची आणि वर्षाने विकायची, ह्यात पैसे जातात. आणि आजोबा, माणूस मोठ्या कामाला हात घालतो तेव्हाच मोठा होतो ना? तुम्हीच सांगता की."

खरे आहे, मी सांगतो. आपण मुलांना शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतो. यंदा ढगळ होईल, पुढल्या वर्षी बरोबर बसेल. आपल्या साऱ्या शिक्षणातच हे वाढत्या अंगाचे तत्त्व आहे. मग मोटारसायकलच तेवढी आजच्या मापाची का घ्यावी?

मला विराटपर्वातला उत्तर आठवला. कौरवांनी गाई वळवून नेल्या तेव्हा हा राजपुत्र अंतःपुरात स्त्रियांपुढे म्हणतो, चांगला सारथी तेवढा मिळू द्या, मग पाहा मी एकटा काय करतो ते! सारथी मिळतो, तोही साक्षात अर्जुन, बृहन्नडेच्या वेषातला. रथ सैन्यासमोर येतो, आणि उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो. आपण ह्या कथेला हसतो आणि इथेच थांबतो. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अर्जुन त्याला धरून आणतो. त्याची निर्भर्त्सना करीत नाही, घरीही पाठवीत नाही. तो म्हणतो, युद्ध मी करतो, तू लगाम धर. आणि धनुष्य न झेपलेला तो मुलगा त्याच रणात त्याच रथाचा उत्तम सारथी होतो. भित्र्याला शूर करण्याची ही रीत पाहा. त्याला रणातून वगळले नाही. त्याच्या हाती त्या दिवशी त्याला झेपेल ते दिले.

हे सांगून मी वेळ मारून नेऊ शकलो असतो. दृष्टान्त चांगला होता, नातीला आवडलाही. पण रात्री मला झोप येईना. कारण "तुम्ही मोठी फटफटी चालवायचात ना?" ह्या तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नव्हते. दिले नव्हते, कारण गेली पन्नास वर्षे मी ते कोणालाच दिलेले नाही.

१९७४ साल. मी बावीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. एका निवृत्त फौजदारांकडून मी त्यांची मोठी गाडी जुन्यात घेतली. शिकलो होतो मामाच्या छोट्या गाडीवर, जेमतेम पंधरा दिवस. तिचा गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी होता. ही मोठी गाडी जुन्या विलायती वळणाची. हिचे सगळे उलटे. उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक. हे मला पाठ होते. कोणी झोपेतून उठवून विचारले असते तरी मी बरोबर सांगितले असते.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. मागे माझा मित्र बसला होता. खो-खोच्या मैदानावरचा आमच्या तालुक्यातला सर्वांत चपळ गडी. कोरेगावच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी पळवली. का पळवली? तर मागून मित्र म्हणाला, "बास की आता," म्हणून. एका वळणावर समोर उसाची बैलगाडी होती. ती आपल्या बाजूने, आपल्या चालीने चालली होती. थांबायला जागा पुरेशी होती. मी सारा जीव एकवटून उजवा पाय दाबला. गिअर बदलला. गाडी थांबली नाही.

मला कोपरावर खरचटले. मित्राचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. तो पुन्हा कधी खो-खो खेळला नाही. आजही चालताना त्या पायाने लंगडतो.

लोक जमले. कोणीतरी विचारले, "काय झालं रे?" आणि मी म्हणालो, "गाडीवान मध्येच आडवा आला."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते आपोआप आले, जसा उजवा पाय आपोआप गेला होता तसे. पण एकदा आले ते आले. लोकांनी गाडीवानाच्या दोन मुस्कटात ठेवून दिल्या. आमच्या वडिलांचा गावात दबदबा होता; त्याच्याकडून चुकीची कबुली लिहून घेतली गेली, अंगठ्यासकट. पुढल्या आठवड्यात त्याने दवाखान्याच्या खर्चापायी ७५ रुपये आणून दिले. कुठून आणले हे आम्ही विचारले नाही. फटफटी विकून टाकली. "भलतीच जड गाडी होती," असे आमच्या घरात आजही म्हणतात. गाडीवान आणि गाडी, दोघांवर मिळून आम्ही तो अपघात वाटून टाकला. माझ्या वाट्याला काही उरलेच नाही. मित्र मागे बसला होता. त्याला सगळे दिसले होते. तो कधीच काही बोलला नाही, आणि त्याचे हे न बोलणेच मला आयुष्यभर सर्वांत जड गेले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ह्या गोष्टीचा पुन्हा विचार केला, आणि दोन गोष्टी मला पहिल्यांदाच स्वच्छ दिसल्या.

पहिली अशी, की संकटाच्या क्षणी माणूस आपले ज्ञान वापरीत नाही, सवय वापरतो. मला जे पाठ होते ते डोक्यात राहिले. पायांना जे ठाऊक होते तेच पायांनी केले. आपण ज्याला संस्कार म्हणतो तो हाच. तो सांगून होत नाही. पुन्हा पुन्हा करून, न घाबरता करून, चुकून आणि दुरुस्त करून तो अंगात मुरतो. पहिली मोटारसायकल ही असा संस्कार करणारी शाळा आहे. जी गाडी सतत धाक दाखवते तिच्यावर माणूस गाडी चालवायला शिकत नाही. फार तर तिला सांभाळून घ्यायला शिकतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नवशिका चुकणारच. चूक टाळण्याची गाडी जगात अजून निघालेली नाही. निवड करायची ती चुकीच्या आकाराची. लहान गाडीवर, कमी वेगात, रिकाम्या रस्त्यावर जी चूक होते तिची किंमत एक आरसा, एक क्लचची दांडी, गुडघ्याची सालटी. ती किंमत खिशातून देता येते, आणि म्हणून ती चूक आपली म्हणता येते. चूक झेपेनाशी झाली की माणूस ती दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतो. मी जन्मजात खोटारडा नव्हतो. पंधरा दिवसांच्या शिकाऊ पोराने मोठ्या गाडीवर मोठी चूक केली, आणि ती उचलण्याएवढा खरेपणा त्याच्या अंगात अजून आलेला नव्हता. प्रामाणिकपणालाही बळ लागते, आणि ते बळसुद्धा हलक्या वजनापासूनच वाढवीत न्यावे लागते.

इथे कोणी म्हणेल, मुरलेल्या माणसाला मग धोका नाही का? आहे तर. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स हा त्या काळातल्या अत्यंत वेगवान अशा ब्रफ सुपीरिअर गाड्यांचा शौकीन. एकामागून एक अशा कितीतरी त्याने वापरल्या. मे १९३५ मध्ये इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यात, सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. सहा दिवसांनी तो वारला. वय अवघे ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. डोक्याला मार लागून मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा त्यांनी पुढे अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्यातून ब्रिटिश सैन्यातल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. आज आपण कपाळाला आठ्या घालून जे डोक्यावर चढवतो, त्यामागे ही कथा आहे. पण मला त्या कथेतली दोन मुले आठवत राहतात. लॉरेन्सची वाट चुकली तेव्हा किंमत त्याने स्वतः दिली. माझी चुकली तेव्हा ती मी एका गाडीवानाकडून वसूल केली.

मग "नको" का म्हणू नये? २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मेली, आणि त्यांतली शंभरांतली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हा आकडा वाचून कोणत्या आजोबाच्या काळजात चर्र होणार नाही? कायद्याने अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. अठरा पुरी झाली की कायदा पालकाला मोकळे करतो. माया मोकळे करीत नाही. पण मी स्वतःला विचारले, माझे "नको" कोणासाठी आहे? तिच्या जिवासाठी, की माझ्या झोपेसाठी? पुष्कळदा आपण मुलांना अडवतो ते त्यांना काही होऊ नये म्हणून नव्हे. झाले तर "मी हो म्हटले होते" असे आपल्याला म्हणावे लागू नये म्हणून. म्हणजे पुन्हा तेच! चूक दुसऱ्याच्या नावावर राहावी, ही तजवीज. तेवीस वर्षांच्या माणसाच्या धोक्याचे माप आपण काढू शकत नाही. आपण फक्त आपल्याजवळचे खरे ते त्याला देऊ शकतो. आणि मी तेच लपवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर तिला मी सगळे सांगितले. चिरंजीव आणि सूनबाईही ऐकत होत्या. कोणी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने नातीने एकच प्रश्न विचारला.

"त्या गाडीवानाचं नाव काय होतं, आजोबा?"

मला ते ठाऊक नव्हते. कबुलीच्या त्या कागदावर असेल. पण तो कागद कधीच कुठे गेला. पन्नास वर्षे मी ज्याचे ओझे वाहतो असे मला वाटत होते, त्याचे नावसुद्धा मी विचारले नव्हते.

त्या दुपारी आम्ही दोघे ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याच्या गॅरेजात दोन्ही तऱ्हेच्या गाड्या होत्या. मी काही बोललो नाही. त्यानेच मोठी गाडी एका जुन्या गादीवर अलगद आडवी केली आणि नातीला म्हणाला, "ताई, उचला." तिने खाली बसून, पाठ लावून, सांगितले तसे दोनदा केले. गाडी हलली, उठली नाही. मग साधी गाडी आडवी केली. ती तिसऱ्या खेपेला उभी राहिली, आणि नात घामाने निथळत हसली. "पडले तर हिला मी एकटी उचलू शकते," ती म्हणाली. निवड तिथेच झाली. मी ती केली नाही, हे मला इथे मुद्दाम नोंदवून ठेवायचे आहे.

पाडव्याला दारात १२५ सीसीची, तीन वर्षे वापरलेली गाडी उभी राहिली. नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा काळजावर उमटतो. जुनीवर आधीचेच चार असतात, त्यांत पाचवा लाजत नाही. पैसे उरले त्यांतून तिने चांगले हेल्मेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. सूनबाईंनी गाडीला हळदकुंकू लावले आणि साडी गार्डला हार गुंडाळला. माझा मित्र फराळाला आला होता. नातीने त्याला विचारले, "आजोबांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही इतकी वर्षं का बोलला नाहीत?" त्याने चकलीचा तुकडा मोडला. म्हणाला, "मी 'बास की' म्हणालो होतो, पण गाडीवानाला मारत होते तेव्हा मीही गप्पच पडून होतो की." मग माझ्याकडे न पाहता त्याने लाडवाची ताटली माझ्यापुढे सरकवली.

महिनाभर तिने भोसरीच्या गल्लीतच गाडी फिरवली. मग रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यांवर. नाशिक रस्त्यावरच्या मालमोटारींमध्ये ती फार उशिरा शिरली. त्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, पडले."

माझ्या छातीत धस्स झाले. ती पुढे म्हणाली, "काही नाही झालं. वळताना पुढचा ब्रेक दाबला. आरसा फुटला. एका भाजीवाल्याची टोपली सांडली. टोमॅटो भरून दिले आणि पैसेही दिले. चूक माझीच होती."

चूक माझीच होती. मला जे म्हणायला पन्नास वर्षे लागली ते तिने पाच मिनिटांत म्हटले. ती माझ्यापेक्षा थोर आहे असे नव्हे. तिची चूक तिला झेपेल एवढी होती, इतकेच.

आता वर्ष होत आले. परवा ती विचारीत होती, "आता मोठी घेऊ का?" मी म्हटले, "ते तू ठरव." दिवाळी आली की लवकरच ऊसतोड सुरू होईल, आणि संध्याकाळच्या वेळी रस्त्याने बैलगाड्या जाऊ लागतील. अशी गाडी दिसली की मी अलीकडे थांबतो, आणि गाडीवानाला नाव विचारतो. तो चमकून माझ्याकडे पाहतो, मग सांगतो. तो माणूस हा नव्हे हे मला कळते. तरी मी विचारतो.